लढाई संपल्यानंतरचं कुणी लिहायचं? संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागास बेळगाव भागातून खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, इतिहास विभाग,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

तसेच राष्ट्रीय सुरक्षा आणि युद्धनीती या विषयांवर संशोधन करणाऱ्या संस्था व विद्यापीठांतील विभागप्रमुख यांस,

जय हिंद साहेब.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडे हल्याळ-जोयडा आणि हद्दीपलीकडचं चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात असे असंख्य माजी सैनिक आहेत, ज्यांनी लढाई थांबल्यावर दुसऱ्याच्या मुलखात उभं राहून शांतता सांभाळली. त्यांचं म्हणणं त्यांच्या भाषेत नोंदवून घ्या. आणि नोंदवायला येण्याआधी, त्यांना बोलायला हरकत नाही असं लेखी द्या. हे पत्र मराठीत आहे, कारण ते माझ्या भागातल्या माणसांनी आधी वाचावं अशी इच्छा आहे. हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे.

मी पायदळात क्लार्क होतो. पलटणीत क्लार्कला बाबू म्हणतात आणि लढणाऱ्या कंपन्यांची पोरं त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहतात. रजेचे कागद अडले की मात्र तीच पोरं चहा घेऊन दारात उभी. माझं काम टाइपरायटरचं. ऑपरेशनमध्ये पलटणीची वॉर डायरी ठेवली जाते, ती अ‍ॅडज्युटंट साहेबांच्या हुकुमाने मी टाइप करत असे. तारीख, वेळ, ठिकाण, घटना. खाली सही. प्रती वर जातात आणि शेवटी तुमच्या विभागाच्या कपाटात येऊन बसतात. म्हणजे तुमच्या कपाटातल्या काही कागदांशी माझी जुनी ओळख आहे. त्या कागदांत काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. काय नाही, ते मला ठाऊक आहे.

उदाहरण देतो. भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हा जाफना भागात आमची एक पोस्ट एका तिठ्यावर होती. रोज सकाळी रस्ता तपासून खुला करायचा, मग राशनची गाडी जायची. डायरीत रोजची नोंद एकच: रस्ता अमुक वाजता खुला. पण त्या पोस्टचा हवालदार, आमच्याच भागातला, रस्ता खुला करण्याआधी शाळेला जाणारी पोरं बघायचा. पोरं वळणावरून आली तर ठीक. वळण सोडून ती शेतातून गेली की तो गाड्या थांबवायचा आणि सुरुंग शोधणाऱ्यांना पुढे घालायचा. पोरांना घरून सांगितलेलं असणार, त्यांना विचारून उपयोग नव्हता आणि विचारणं त्यांच्या जिवावरही बेतलं असतं. हवालदाराने कधी विचारलं नाही. नुसतं बघायचा. त्याची बदली झाली तेव्हा नव्या आलेल्याला त्याने हे तोंडी सांगितलं, कारण लिहायला रकानाच नव्हता. राष्ट्रीय सुरक्षेवर इतकं लिहिलं जातं, त्यात ही गोष्ट कुठे येईल असं तुम्हाला वाटतं?

आता बेळगावचं सांगतो. हे गाव म्हणजे फौजेचं गाव आहे हे दिल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मराठा सेंटर इथे १९२२ पासून. इन्फंट्री स्कूलची कमांडो विंग आणि ज्युनिअर लीडर्स विंग इथे. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल इथे. पण बेळगाव म्हटलं की सगळ्यांना भरती आणि कसरत आठवते. बेळगावच्या उंबऱ्यावर, इथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, लढाईनंतर सत्ता बंदूकधाऱ्यांच्या हातून नागरिकांच्या हाती जाण्याचं या देशातलं एक अत्यंत यशस्वी काम झालं, हे कुणाला फारसं आठवत नाही. मी गोव्याबद्दल बोलतोय.

१९५५ च्या सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली, त्यानंतर हद्द बंद झाली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे थांबली. खानापूर-जोयड्याच्या गावांचा रोजचा बाजार, नातीगोती, सगळ्याला खीळ बसली. सहा वर्षं. मग डिसेंबर १९६१. १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ५० वी पॅरा ब्रिगेड यांची जमवाजमव बेळगावच्या आसपास झाली. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडून आली. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण पडले. १८ तारखेला फौजा आत शिरल्या आणि १९ च्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी शरणागती लिहून दिली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. त्यांनी तो मानला नाही, म्हणून पणजी शाबूत राहिली.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्याच विभागाने अधिकृत इतिहासात छापलेली आहे. १९७० च्या दशकात तुम्ही गोवा छापलं, कोरिया छापलं, काँगो छापलं. त्याबद्दल मनापासून सलाम, कारण आजही तपशील तपासायचा तर तीच पुस्तकं उघडावी लागतात. माझा प्रश्न २० डिसेंबरच्या सकाळपासून सुरू होतो.

मेजर जनरल कँडेथ मिलिटरी गव्हर्नर झाले आणि जून १९६२ मध्ये नागरी प्रशासनाच्या हाती कारभार देऊन गेले. जेमतेम सहा महिने. पुढे १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेची निवडणूक, बांदोडकरांचं सरकार, जानेवारी १९६७ मध्ये गोवा वेगळा ठेवायचा की महाराष्ट्रात विलीन करायचा यावर मतदान. सगळं मतपेटीतून. पोर्तुगीजांचा नागरी कायदा एका रात्रीत पुसून टाकला नाही, तसाच चालू ठेवला. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैदेत होते, ते मे १९६२ मध्ये धडधाकट परत गेले. साडेचारशे वर्षांची सत्ता उलथली आणि मागे ना घातपाताचं सत्र राहिलं ना सूडाचं.

हे आपोआप झालं असं समजणारे लोक आहेत. गोवा लहान, लोक आपलेच, म्हणून सोपं गेलं, असं म्हणून ते पान उलटतात. मला हे पटत नाही. आपलेच लोक असूनही कामं बिघडल्याची उदाहरणं या देशात कमी नाहीत. ते सहा महिने नेमके कसे गेले? माघार घेताना उडवलेल्या पुलांजवळ लोकांना नदीपार कोण नेत होतं? जुने पोलीस शिपाई कामावर ठेवले की घरी पाठवले, आणि कोणी ठरवलं? पोर्तुगीज कारभारातल्या कारकुनाशी आमचा जवान कुठल्या भाषेत बोलत होता? कोकणी, मराठी, की खुणा? एखाद्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, आपल्या कुळाविरुद्ध फौजेला कानगोष्ट सांगितली तर सुभेदाराने ती कशी पारखली? अनमोडच्या वाटेवर चेकपोस्ट किती दिवस राहिलं आणि ते उठवायचा निर्णय कोणाचा? यांची उत्तरं देऊ शकणारा, त्या वेळी विशीत असलेला जवान आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. मी एखाद-दुसऱ्याला भेटलो आहे. स्मरण अजून शाबूत आहे, पण श्रोता मिळाला की आधी लढाईच सांगतात, कारण लढाईच ऐकायला लोक येतात. दोन-तीन तास बसलं, लढाई सांगून संपली, की मग खरं काम निघतं.

गोव्यात उसगावमार्गे फोंड्याकडे गेलेली एक पलटण म्हणजे २ पॅरा, म्हणजेच पूर्वाश्रमीची ३ मराठा. दहाच वर्षांनी, बांगलादेशच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ ला, हीच पलटण टांगाईलजवळ पॅराशूटने उतरली. जमालपूर घेऊन १ मराठा, आमची जंगी पलटण, खाली उतरत आली आणि पूंगली पुलावर दोघींची गाठ पडली. ही गाठ आमच्याकडे गावोगाव सांगितली जाते. जमालपूरला शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने गोळी गुंडाळून उत्तर पाठवलं होतं, तेही सांगितलं जातं. त्यानंतर १६ डिसेंबर, ९३ हजार युद्धकैदी, आणि पडदा.

पडदा कुठला? फौज आणखी जवळजवळ तीन महिने तिथे होती. निरोपाची परेड ढाक्यात १२ मार्च १९७२ ला झाली. त्या तीन महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित परत येत होते, सुरुंग काढायचे होते, पूल जोडायचे होते, आणि उर्दू बोलणाऱ्या बिहारी वस्त्यांना सूडापासून वाचवायचं होतं. जिंकलेली फौज इतक्या लवकर निघून जाते, हे जगाच्या इतिहासात क्वचित घडतं. आपण का गेलो याचं राजकीय विवेचन भरपूर झालं आहे. त्या तीन महिन्यांत नाईक आणि लान्स नायकाने काय केलं, याचं जवळजवळ काहीच नाही.

कोरियाचं तर आमच्या भागाशी वेगळंच नातं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कोरियन युद्धाच्या १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी होते. त्यांचं काय करायचं यावर शस्त्रसंधी अडून बसली होती. ते भारताच्या ताब्यात आले. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, कोडगूचे. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. एक कर्नाटकातला, एक आमच्या पंचगंगेकाठचा. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या जमिनीवर भारतीय सैनिकाचा पाय पडू द्यायचा नाही असं जाहीर केलं, म्हणून आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट तटस्थ पट्ट्यात नेलं गेलं. छावण्यांच्या आत कैद्यांचे दोन तट, एकमेकांच्या रक्ताला तहानलेले. आपल्या लोकांनी ते महिनोन्‌महिने सांभाळलं. शेवटी ८८ जण असे उरले ज्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं. ते भारतात आले.

याच थोरातांचं पुढचं प्रकरण तर तुमच्या विभागाने रोज वाचावं असं आहे. पूर्व कमांडचे प्रमुख असताना त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, बचावाची योजना वर पाठवली. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन, चीन आला तर कुठून येईल आणि आपण किती तोकडे पडू, हे मांडलं. दिल्लीत ते बाजूला ठेवलं गेलं. १९६२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि का झालं हे सांगणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल, १९६३ मध्ये सादर होऊनही, आजतागायत सरकारने खुला केलेला नाही. संशोधन होत नाही अशी आपली तक्रार असते. झालेलं संशोधन वाचायचं नाही आणि लोकांना वाचू द्यायचं नाही, ही त्याआधीची तक्रार आहे.

आता प्राध्यापक मंडळींकडे वळतो.

अलीकडे युद्धोत्तर राष्ट्रउभारणी या विषयावरचे काही प्रबंध वाचायला मिळाले. निवृत्तीनंतर वेळ असतो. मेहनत दिसते. पण पहिली शंभर पानं जर्मनी, जपान, बोस्निया, इराक, अफगाणिस्तान. दर हजार लोकसंख्येमागे वीस सैनिक हवेत, हे अमेरिकन सूत्र जवळपास प्रत्येकात. भारताचा उल्लेख आला तर काबूलला आपण बांधलेल्या संसद भवनापुरता आणि अफगाणिस्तानातल्याच झरंज-डेलाराम रस्त्यापुरता. तो २१८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने जीव घालून बांधला, त्याचं मोल कमी करत नाही. पण आपल्या देशाने स्वतः फौज उतरवून, सत्ता चालवून, मग परत दिली, असे प्रसंग डोळ्यांसमोर असताना उसने दाखले का?

इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने एका आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाचे लोक नोकऱ्यांतून काढले आणि आठवड्याभरात दुसऱ्या आदेशाने सगळं सैन्य बरखास्त केलं. शस्त्रं चालवणारी लाखो माणसं बेकार करून घरी पाठवली. पुढे काय पेटलं ते जगाने पाहिलं. हे वाचताना मला गोव्यातला जुना कारकून आठवतो, जो बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या टेबलाशी येऊन बसला असेल. 'बहुधा' म्हणावं लागतं, कारण कुणी नीट विचारलेलंच नाही. विचारलं असतं तर त्या प्रबंधाच्या पहिल्या शंभर पानांत बगदादशेजारी पणजीही आली असती.

आणि अपयशाचा अभ्यास करायचा असेल तर श्रीलंका आहेच. माझ्या मते तो आधी करायला हवा. २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार, ऑक्टोबरात तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, जाफन्याची लढाई, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत. सुमारे बाराशे जण गेले. ८ महारचे मेजर परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण मधल्या काळात आपण तिथे फक्त लढत नव्हतो. इस्पितळं, वीज, रेल्वे, बाजार, सगळं पुन्हा सुरू करायचं काम फौजेकडे होतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक कौन्सिलची निवडणूक आपल्या बंदोबस्तात झाली. वरदराजा पेरुमल मुख्यमंत्री झाले. मग त्या सरकारच्या रक्षणासाठी स्थानिक तरुणांचं सशस्त्र दल घाईघाईने उभं केलं गेलं. त्यात किती जण मर्जीने आले आणि किती घरातून ओढून आणले, हे ज्या जवानांनी त्यांना कवायत शिकवली त्यांना चांगलं माहीत होतं. बूट घातलेल्या पोराची नजर कुठे आहे ते उस्तादाला पहिल्या तासात कळतं. १९९० मध्ये आपण निघालो आणि ते दल पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं. मुख्यमंत्री भारतात आले, मुलूख वाघांकडे गेला.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, तीन लाखांचं म्हणून कागदावर असलेलं अफगाण सैन्य विरघळलं, तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ चकित झाले होते. आमच्याकडच्या पारावर कुणी चकित झालं नाही. एक निवृत्त हवालदार एवढंच म्हणाला, "आमी बघिटलेलं हाय की हे." त्याचं हे बघितलेलं कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

इथे एक कठीण गोष्टही लिहितो, नाहीतर हे पत्र नुसतं गौरवगीत होईल. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. भारतीय फौजेच्या हातून हे झालं, असं तिथले लोक आजही सांगतात, आणि तिथे दरवर्षी त्यांचं स्मरण होतं. आपल्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतो किंवा विषय बदलतो. नोंदी करायच्या तर याही करा. त्या शहरात काम केलेल्या माणसांच्या मनात हे आहे. काहींच्या घरच्यांनाही त्यांनी सांगितलेलं नाही. शौर्याची यादी करायची आणि हे वगळायचं, असं संशोधन असेल तर ते आम्हाला नको. शांतता राखायला गेलेली फौज लोकांच्या नजरेतून कशी उतरते हे शिकायचं तर शिकवणारा प्रसंग हाच आहे.

भाषेचा मुद्दा आमच्या भागात जिवंत आहे म्हणून सांगतो. श्रीलंकेत तमिळ येणारे दुभाषे कमी होते. आमच्या पलटणीत खानापूर-बैलहोंगलकडची, घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी पोरं होती. कन्नड कानावर असल्यामुळे त्यांना तमिळ लवकर उमगू लागलं. हळूहळू प्रत्येक पोस्टवर असं एखादं पोरगं नकळत दुभाष्या झालं. म्हातारी विहिरीवर का रडतेय, दुकानदार खरं सांगतोय की घाबरून सांगतोय, हे साहेबांना त्या पोरांकडून कळायचं. नेमणूक नाही, भत्ता नाही, नोंद नाही. सीमाभागात वाढल्याचा असाही उपयोग झाला.

म्हणून मुलाखती घ्यायला याल तेव्हा मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी माणसं आणा, आणि फॉर्म दोन्ही भाषांत छापा. आमच्या जिल्ह्याचा १९५६ पासूनचा वाद सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर हे पत्र नाही. पण एकाच भाषेतला कागद घेऊन गावात शिरलात तर निम्मी घरं दार लावून घेतील, हे आधीच सांगून ठेवतो. इंग्रजीत विचारलंत तर सगळेच "यस सर" म्हणतील आणि तुम्ही समाधानाने परत जाल.

आता अडचण कुठे आहे ते. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने युद्धाच्या नोंदी आणि इतिहास यांचं नवं धोरण जाहीर केलं. वॉर डायऱ्या वगैरे कागद तुमच्याकडे यावेत, मोहिमेचा इतिहास पाच वर्षांत तयार व्हावा, आणि साधारणपणे पंचवीस वर्षांत कागद खुले व्हावेत, असं त्यात आहे. कारगिल समितीने आणि वोहरा समितीने हेच सुचवलं होतं. धोरण चांगलं आहे. श्रीलंकेच्या मोहिमेला पंचवीस वर्षं २०१५ मध्येच झाली. तिचा अधिकृत इतिहास मला अजून दुकानात विकत मिळालेला नाही. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. हे धोरण कागदांबद्दल आहे. कागद कसा तयार होतो ते वर सांगितलंच. रकान्याबाहेरचं जे आहे, ते माणसांत आहे.

आणि माणसं बोलायला घाबरतात. निवृत्त होताना गोपनीयतेच्या कायद्याची जी तंबी मिळते ती जवानाच्या मनात आयुष्यभर राहते. पेन्शन थांबेल ही भीती. अधिकारी पुस्तकं लिहितात, मुलाखती देतात, कारण काय सांगावं आणि काय नाही याचा त्यांना अंदाज असतो. नाईकाला तो अंदाज नसतो, म्हणून तो सगळंच गिळतो. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका तिठ्यावर शाळेची पोरं कुठून जात होती, हे सांगितल्याने देशाच्या सुरक्षेला काय बाध येणार आहे? पण तो विचारतो, "कायतरी लफडं न्हाई न्हवं व्हायचं?" त्याच्या हातात ठेवायला माझ्याकडे कागद नाही. तुमच्या शिक्क्याचं एक पान द्या: अमुक सालापर्यंतच्या अमुक मोहिमांतल्या स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलायला हरकत नाही, अमुक गोष्टी सोडून. तेवढ्या एका पानाने जे होईल ते लाखो रुपयांच्या प्रकल्पाने होणार नाही.

बाहेर हे होतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ पासून ध्वनिमुद्रित आठवणी जमवल्या. अमेरिकेच्या संसदेने २००० मध्ये कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी जमवायचं काम त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे दिलं. तिथे कॉलेजची मुलंसुद्धा मुलाखत घेऊन पाठवू शकतात, अट एवढीच की ती किमान अर्ध्या तासाची हवी. हुद्द्याची अट नाही. त्यांच्या युद्धांचे सिद्धांत आपण उचलतो, ही पद्धत तेवढी कशी उचलत नाही?

विद्यापीठांना सांगतो: पुण्याला संरक्षणशास्त्राचा जुना विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. तिघांच्या मध्ये हा पट्टा येतो. एम.ए.च्या मुलांना एकेक गाव वाटून द्या. त्यांना फक्त एवढं शिकवून पाठवा की पहिला प्रश्न शौर्याचा विचारायचा नाही. जेवण काय होतं, पाणी कुठून आणत होतात, कुठल्या दुकानात उधारी होती, रात्री पहाऱ्यावर कशाची भीती वाटायची, गावातलं कोण तुमच्याशी आधी बोललं, इथून सुरुवात करायची. आणि बायकांनाही विचारा. कितीतरी घरांत ट्रंकेत एपीओचे, म्हणजे फौजी टपालाचे, शिक्के असलेली आंतर्देशीय पत्रं आहेत. सेन्सॉरच्या भीतीने त्यात लढाईचं काही नसतं, म्हणूनच ती वाचनीय आहेत: नारळाची झाडं, इथल्यासारखीच लाल माती, दुकानदाराने दिलेली केळी, आणि मग अचानक तीन महिने पत्रच नाही. तारखा जुळवून पाहा, कळेल. मराठा सेंटरच्या संग्रहालयात शस्त्रं, झेंडे, पदकं छान मांडली आहेत. या पत्रांच्या प्रतींना तिथे एक कपाट मिळालं तरी चालेल.

आजचा उपयोग विचाराल, तर खानापूरच्या जंगलपट्ट्यात सीआरपीएफच्या कोब्रा जवानांचं प्रशिक्षण चालतं. हलभावीला आयटीबीपीचं केंद्र आहे. ही पोरं उद्या अशाच मुलखात उभी राहणार, जिथे समोरचा शत्रू आहे की शाळकरी पोरगा हे डोळ्यांनी ओळखायचं असतं. त्यांना शिकवायला हेलिकॉप्टरने तज्ज्ञ आणायची गरज नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर, भाताच्या खळ्यावर, तज्ज्ञ बसलेले आहेत.

केव्हा यायचं तेही सांगतो, कारण पत्ता शोधत गावोगाव हिंडलात तर माणसं सापडणार नाहीत. कोण शेतात, कोण लेकीकडे पुण्याला. नोव्हेंबरात या. हयातीचा दाखला द्यायला सगळे पेन्शनर त्या महिन्यात बँकेत, नाहीतर स्पर्श या फौजी पेन्शन यंत्रणेच्या सेवा केंद्रात येतातच. ज्यांना चालवत नाही त्यांना नातू मोटारसायकलवर घेऊन येतो. बोटाचा ठसा लागेपर्यंत तास-दोन तास बाकावर बसून असतात आणि आपसात त्याच गोष्टी बोलतात. बाहेर मंडप घाला, टेबल-खुर्ची ठेवा, कन्नड-मराठी येणारी दोन पोरं बसवा, ते एक पान हातात द्या, चहा द्या. नाव, पलटण, साल आणि कुठे होता, एवढीच पहिल्या दिवशी नोंद करा. मुलाखतीला नंतर घरी जाता येईल. यंदाच्या नोव्हेंबरासाठी परवानगीचा मसुदा मी टाइप करून सोबत जोडला आहे. त्यात शब्द बदलायचे असतील तर बदला, पण ऑक्टोबरअखेर सही होऊन येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव